बाईंची लायब्ररी, लातूर: रात्री लेकरांना गोष्ट वाचून दाखवायचीय त्यांनी एकदा जाऊन याच

गुगलवर शोधलं तर ही जागा सापडत नाही म्हणून जरा सविस्तरच लिहायलोय. औसा रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत साधं घर आहे, त्याची पुढची खोली म्हणजे ही लायब्ररी. बोर्ड नाही, नाव नाही, गल्लीतले सगळेजण नुसतं 'बाईंची लायब्ररी' म्हणतात. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यात. पुस्तकं फक्त लेकरांची, हजार-बाराशे तरी असतील, आणि काम एकच, पुस्तक घरी न्यायचं, रात्री झोपायच्या आधी लेकरांना वाचून दाखवायचं आणि आठ दिवसांनी परत आणून द्यायचं. मी दीड वर्षापासून मेंबर आहे. पोरगा नऊ वर्षांचा, पोरगी पाचची.

मी मार्केट यार्डात आडत दुकानात मुनीम आहे. लातूरचा सीझन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक वाढली की सौदे, मग काटा, मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या (म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या), मग रोजमेळ जुळवायचा, घरी पोचायला साडेनऊ-दहा ठरलेले. बायको लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ती पण दिवसभर उभी राहून येते, त्यात स्वयंपाक, त्यात नळाला पाणी सुटायचा दिवस असला तर टाकी भरायची. मग व्हायचं काय की पोरीच्या हातात मोबाईल. ती बघत बघत झोपायची आणि हातातून हळूच काढून घेतला तरी झोपेत दचकून रडायची. एक दिवस माझी आई गावाकडून आली होती, तर पोरगी तिला म्हणली, "दादी, मुझे पानी दो ना." आई माझ्या तोंडाकडं बघायली. आमच्या घरात हिंदी कुणी बोलत नाही, सगळं कार्टूनमधलं. हिंदीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण माझ्या लेकराला तहान लागली तर ते मोबाईलच्या बोलीत सांगायलंय, आमच्या नाही, हे मला फार लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिला ताप होता म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांना हे पण सांगितलं. ते म्हणले, दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही अजिबात नको, २ ते ५ वर्षांत दिवसभरात मिळून एक तासाच्या वर नको आणि तेवढा वेळ पण मोठं माणूस शेजारी पाहिजे, लहान मुलांच्या डॉक्टरांची देशातली जी संघटना आहे, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तिनं २०२१ मध्येच हे सांगून ठेवलंय. पण त्याच्या पुढं ते जे बोलले ते मला जास्त कामाचं वाटलं. म्हणले, "मोबाईल काढून घ्यायच्या आधी त्या जागी काय देणार ते ठरवा, नाहीतर दोन दिवसांत परत देताल." बाहेर बाकावर एक ताई बसल्या होत्या, त्यांच्या पिशवीत पातळ पातळ चित्रांची पुस्तकं दिसत होती, माझी पोरगी सरळ जाऊन त्यांच्या मांडीला टेकून उभी राहिली. पत्ता त्या ताईंकडूनच मिळाला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं नाव, पत्ता, शाळा कुठली, इंग्लिश मीडियम का मराठी, असं विचारतील. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "रात्री लेकरांना झोपवतं कोण?" आणि "तुम्ही घरी किती वाजता येता?" मी म्हणलं सीझनमध्ये दहा, एरवी आठ-साडेआठ. त्यांनी ते कार्डावर लिहून घेतलं. पिवळं जाड कार्ड आहे, त्यावर तारीख, पुस्तक आणि तिसरा रकाना 'कोणी वाचलं'. पुस्तक परत करताना त्या लेकराला विचारतात आणि लेकरू जे सांगेल तेच लिहितात, आपण सांगितलेलं लिहीत नाहीत. पहिल्या महिन्यात माझ्या पोरीच्या कार्डावर ओळीनं मम्मी, मम्मी, मम्मी, मम्मी होतं. बाई काही बोलल्या नाहीत, कार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि दुसऱ्या लेकराकडं वळल्या. घरी येताना गाडीवर तेच डोक्यात फिरत होतं.

पैशाचं सांगून टाकतो. डिपॉझिट ३०० रुपये, सोडताना परत मिळतं. महिन्याला ६०. एका लेकरामागं दोन पुस्तकं. उशीर झाला तर दंड नाही, लेकरानं उभं राहून ती गोष्ट सगळ्यांना सांगायची, आणि लेकरांना त्याचीच एवढी हौस की माझा पोरगा एकदा म्हणला पप्पा पुस्तक उद्या नको, परवा देऊ. पुस्तक फाटलं तर चिकटवून आणायचं पण सेलोटेप लावायचा नाही, खळ नाहीतर फेविकॉल, टेप पिवळा पडून कागद खातो असं बाई म्हणतात.

पुस्तकं कपाटात नाहीत. फळांच्या लाकडी पेट्या आडव्या करून भिंतीला लावल्यात, म्हणजे रांगणाऱ्या लेकराचा पण हात पोचतो. खालच्या पेट्यांत मोठं चित्र आणि एखादीच ओळ अशी पुस्तकं, वर वर गोष्टी मोठ्या होत जातात. प्रथम बुक्सची बरीच आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला लेव्हल छापलेली असते, १ ते ४, नवीन माणसाला त्याचा फार आधार होतो कारण कुठलं पुस्तक किती वयाला हे आपल्याला कुठं कळतंय. नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनची आहेत. आणि एका वेगळ्या पेटीत 'किशोर'चे जुने अंक बाइंडिंग करून ठेवलेत. किशोर म्हणजे बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत त्याचा एक अंक यायचा आणि तो गुरुजींच्या टेबलावरच राहायचा, हात लावायची सोय नव्हती. इथं पोरगा फरशीवर पालथा पडून माझ्या जन्माच्या आधीचे अंक वाचत बसतो, कुणी काही म्हणत नाही.

आता मुख्य गोष्ट, वाचून दाखवणं. मला वाटलं होतं त्यात काय, मराठी वाचता येतं, वाचायचं. पहिल्या रात्री मी आख्खं पुस्तक तीन मिनिटांत संपवलं आणि पोरगी म्हणली "मोबाईल द्या". रविवारी बाईंना सांगितलं तर त्यांनी पोरीला चटईवर शेजारी घेतलं आणि तेच पुस्तक उघडलं. बोट अक्षराखाली नाही ठेवलं, चित्रावर ठेवलं. एक ओळ वाचली आणि थांबल्या. किती थांबल्या तर मला अवघडल्यासारखं झालं, मला वाटलं पुढचं विसरल्या काय. पोरगी चित्र बघायली, कोंबडीच्या पायाजवळ कोपऱ्यात एक मुंगी काढलेली होती, ती मला तीन मिनिटांत दिसलीच नव्हती. पोरगी म्हणली, "ही कुठं चाललीय?" बाई म्हणल्या, "मला काय माहीत, तिला विचार." मग पोरगीच पान उलटायला लागली आणि प्रत्येक पानावर मुंगी हुडकायला लागली, मुंगी सगळ्या पानांवर होती. बाई मला एवढंच म्हणल्या, "पट्टी वाचल्यासारखं वाचू नका. पान त्यांना उलटू द्या, आपण थांबायचं." दीड वर्षात हा एकच धडा त्यांनी दिला आणि मला तो पुरला.

भाषेचं पण सांगायला पाहिजे. पुष्कळ पुस्तकांची मराठी आपल्याकडची नाही. 'ससा उद्गारला', 'तो खिन्न झाला', 'तिने गवाक्षातून पाहिले', असं काहीतरी असतं. सुरुवातीला मी आहे तसं वाचायचो आणि पोरगी प्रत्येक ओळीला म्हणजे काय, म्हणजे काय. मग मी वाचता वाचताच आपल्या बोलीत सांगायला लागलो, कोल्हा म्हणला "काय करायलास रे इथं?", ससा म्हणला "काही नाही, बसलोय की." पोरगी लई हसायची. पण आता ती शाळेत अक्षरं शिकली तर मध्येच बोट ठेवून म्हणती, "पप्पा, इथं असं लिहिलेलं नाही." मग आम्ही दोन्ही वाचतो, आधी पुस्तकातलं, मग आपलं. बाईंना विचारलं हे चालतंय का, तर म्हणल्या पुस्तकातला शब्द पण राहू द्या, घरातला पण राहू द्या, लेकराकडं दोन होतील. आणि खरंच आहे ते, रोजच्या बोलण्यात आपण लेकरांशी काय बोलतो, जेव, अंघोळ कर, दप्तर भर, चल झोप. वादळ, दीपगृह, कोळी, घुबडाची ढोली, हे शब्द आपल्या तोंडात येणार कधी? लातूरला समुद्र नाही, पण माझ्या पोरीला भरती-ओहोटी माहीत आहे.

हां, आणि एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात, त्याला कंटाळू नका. आमच्याकडं एका शेळीचं पुस्तक सलग नऊ रात्री चाललं, मुदत वाढवून घेतली. चौथ्या रात्रीनंतर पोरगी पुढची ओळ आधीच म्हणायला लागली आणि मी मुद्दाम चुकीचा शब्द घातला की उठून बसायची. पाठ झालेल्या पुस्तकावरूनच तिला अक्षरं ओळखू आली असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही जागा कुणालाही डोळे झाकून सांगीन ती म्हणजे जोडपुस्तकं. बाईंकडं तीस-पस्तीस पुस्तकांच्या दोन दोन प्रती आहेत. का, तर जे वडील नाहीतर आई रात्री घरी नसतात त्यांच्यासाठी. ट्रक ड्रायव्हर आहेत, पोलिसात आहेत, पुण्याला कंपनीत आहेत, नाइटची नर्स आहे. एक प्रत त्यांच्याकडं, एक घरी लेकराकडं, आणि फोनवरून वाचायचं. मागच्या सीझनला मी सहा आठवडे हेच केलं. शेठना सांगितलं की नऊ ते सव्वानऊ मी काम करणार नाही, त्या बदल्यात सकाळी अर्धा तास लवकर येतो. शेठ हो म्हणले, तेही नातवंडांवाले आहेत. नऊला मी काट्याच्या बाजूला सोयाबीनच्या पोत्यावर बसायचो, वरचा बल्ब, हातात पुस्तक, फोन स्पीकरवर. तिकडं बायको उशीजवळ फोन उपडा ठेवायची, म्हणजे उजेड नाही, नुसता आवाज. "पप्पा, पान उलटलं का?" "उलटलं, तू?" "मी कधीच उलटलं." असं चालायचं. मध्येच बाहेर एखादा टेम्पो मागं घ्यायला लागला की थांबावं लागायचं, तर तिकडून आवाज यायचा, "पप्पा, टेम्पो गेला का?"

आमच्या दुकानावर एक हमाल मामा आहेत, साठीच्या पुढचे, गेली वीस वर्षं इथंच आहेत. ते त्या वेळेला पोत्याला टेकून तंबाखू मळत बसायचे, मला वाटायचं दमलेत म्हणून बसलेत. एक दिवस पोरगी मधेच झोपून गेली, मी फोन ठेवला, पुस्तक मिटलं. मामा म्हणले, "मग त्या शेळीचं पुढं काय झालं?" मी उरलेली पानं त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हे पुस्तक एक दिवस घरी नेऊ का, त्यांना वाचता येत नाही पण नात चौथीला आहे, ती वाचील आणि आपण चित्रं बघू. मी बाईंना सांगितलं तर त्यांनी मामांच्या नातीचं वेगळं कार्ड केलं, डिपॉझिट घेतलं नाही, आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं 'नातीनं आजोबांना'.

वेळ नाही वेळ नाही म्हणतो आपण, मी पण दोन वर्षं तेच म्हणायचो. प्रत्यक्षात पातळ पुस्तकाला आठ-दहा मिनिटं लागतात, पोरीचे प्रश्न धरून वीस. सीझन नसताना मी साडेआठला घरी येतो, जेवण होऊन नऊला टीव्ही बंद, लाइट एकच. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले हे खरं सांगतो, पोरगी मोबाईलसाठी रडायची, पोरगा म्हणायचा हे लहान लेकरांचं आहे, मी नाही बसणार. त्याला बसवलं नाही. तो दुसऱ्या खोलीत होमवर्क करायचा, पण दार उघडं ठेवायचा. महिन्याभरानं एकदा मी एका वाक्याला अडखळलो तर त्यानं तिकडून ते वाक्य पुरं केलं. आता आठवड्यातले दोन दिवस तोच बहिणीला वाचून दाखवतो आणि कोल्ह्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला काढतो. बाई कार्डावर 'दादा' लिहितात, कौतुक करतात आणि लगेच विचारतात, "आणि पप्पांनी कधी?" सुटका नाही.

कधी पुस्तक नसलं, नाहीतर लाइट गेली, तर आम्ही खरी गोष्ट सांगतो. पोरीची आवडती म्हणजे पाण्याची रेल्वे. पोरगा झाला ते साल २०१६, लातूरला प्यायला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली, १० टँकर-डबे, एका डब्यात साधारण ५० हजार लिटर. पोरगी प्रत्येक वेळी विचारती, दादाची अंघोळ त्याच पाण्यानं केली का. आणि मग रेल्वे कशी रात्री येते, तिला तहान लागली तर ती स्वतःचंच पाणी पिती का, असं कुठल्या कुठं जातं. ही गोष्ट छापलेली कुठं आहे? मी बाईंना हेच म्हणलं, तुमच्या पेट्यांत जंगल आहे, समुद्र आहे, बर्फ आहे, पण येळवस नाही (आमच्याकडचा शेतात जाऊन करायचा सण), त्यातली ताकाची आंबील नाही, मिसळ भाज्यांची भज्जी नाही, कडब्याची कोप नाही, आमच्या आईसारखी बोलणारी आजी एका पुस्तकात नाही.

त्यावर त्यांनी आतून वह्या आणल्या. हाताच्या, ड्रॉइंगच्या वह्या, अकरा झाल्यात आतापर्यंत. गल्लीतल्या आज्ज्यांना, मेंबर लेकरांच्या आजी-आजोबांना बोलावून त्यांच्या गोष्टी त्या आहेत त्याच बोलीत लिहून घेतात आणि चित्रं लेकरं काढतात. एका वहीत येळवसाची गोष्ट आहे, लेकरू आंबिलाचं मडकं सांभाळत बैलगाडीत बसलंय आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा जीव वर-खाली होतोय, एवढीच गोष्ट, पण आमच्या पोरीनं ती चार वेळा नेली. बारावी वही माझ्या आईची चाललीय. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, १९४८ ला निजाम गेला आणि शाळेत मराठी आली, तर आजोबा सांगायचे की वही उलट्या बाजूनं सुरू करायची सवय मोडता मोडत नव्हती. आई ही गोष्ट मला सांगायची ओसरीवर बाजेवर, वर तोंड करून. आता ती बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसून सांगती आणि पोरगी शेजारी बसून उलटी वही काढती. ज्या आईला त्या दिवशी नातीचं हिंदी ऐकून वाईट वाटलं होतं तीच आता गावाकडून फोन करून विचारती, माझं पान कुठवर आलं.

काय चांगलं नाही ते पण लिहितो, नाहीतर जाऊन वैतागताल. वेळ फार गैरसोयीची आहे, संध्याकाळी ५ ते ७.३० आणि रविवारी सकाळी १० ते १, बुधवारी बंद. यार्डातल्या, दुकानातल्या माणसाला रविवारशिवाय जमणारच नाही आणि रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, खोली लहान, पंखा एकच, एप्रिल-मे मध्ये जीव नकोसा होतो. फक्त कॅश, फोन पे वगैरे नाही, सुटे पैसे घेऊन जा. कॉम्प्युटर नाही, त्यामुळं एखादं पुस्तक आहे का कुणाकडं गेलंय हे फोनवर विचारून कळत नाही, जाऊनच बघावं लागतं, आणि जोडपुस्तकं दिवाळीच्या आधी दोन दोन महिने हातात येत नाहीत, आधी सांगून ठेवावं लागतं. एका पुस्तकाचं शेवटचं पान नव्हतं, रात्री नऊला ते कळलं आणि मला शेवट मनानं सांगावा लागला, तसली पुस्तकं बाजूला काढायला पाहिजेत. दहा वर्षांच्या पुढच्या लेकरांसाठी निवड फार कमी आहे, आमचा पोरगा अजून वर्षभरात तिथलं सगळं वाचून संपवील. आणि काही भाषांतरित पुस्तकांची मराठी इतकी अवघड आहे की मोठ्या माणसाला दोनदा वाचावी लागते, ती दिसली की खुशाल परत ठेवा.

विकत घेतली तर नाही का चालणार, असं मला एक-दोघांनी विचारलं. चालतंय, आम्ही पण वाढदिवसाला घेतो. पण आठवड्याला चार पुस्तकं म्हणजे वर्षाला दोनशे, तेवढी कोण विकत घेणार. आणि खरं कारण वेगळं आहे, विकतचं पुस्तक घरात पडून राहतं, उद्या वाचू म्हणतो आपण. इथलं रविवारी परत द्यायचं असतं आणि बाई लेकराला विचारणार असतात.

जे लातूरला नाहीत, खेड्यात आहेत, त्यांनी स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सचीच वेबसाइट आहे, २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करता येतात, प्रिंट काढायला पण परवानगी आहे. माझा भाऊ अहमदपूरकडं असतो, तो मल्टी सर्व्हिसवाल्याकडून प्रिंट काढून स्टेपल करून घेतो. किशोरचे जुने अंक पण बालभारतीनं ऑनलाइन फुकट टाकलेत. फक्त झोपायच्या वेळी लेकरांना मोबाईलवर दाखवू नका, आपण दुपारी वाचून ठेवा आणि रात्री अंधारात सांगा.

बाईंच्या गल्लीच्या तोंडाशीच ट्यूशनचे मोठमोठे फ्लेक्स आहेत, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला ७२० पैकी किती पडले त्याचे, लेकरांच्या फोटोसकट. नांदेड, परभणी, बीडहून आईबाप लेकरांना घेऊन येतात, रूम करून राहतात, शेत विकून फी भरणारे मी स्वतः यार्डात बघितलेत. त्यांच्या कष्टाला काही बोलायची माझी लायकी नाही. पण जाता-येता त्या फ्लेक्सखालून पोरीला गाडीवर घेऊन जाताना मला वाटतं, सतराव्या वर्षी लेकरासाठी एवढं करायची आपली तयारी असती तर पाचव्या वर्षी रात्रीची पंधरा मिनिटं का नसावीत. माझ्याकडं मुलाच्या पाचव्या वर्षाची ती मिनिटं नाहीत, ती गेली, त्याचं मला वाईट वाटतं.

कुणाच्या घरी लेकरं मोठी झाली असतील आणि गोष्टींची पुस्तकं माळ्यावर असतील तर बाई घेतात, गाईड आणि स्पर्धा परीक्षेची घेत नाहीत. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर आधी त्यांना द्या, जोडपुस्तकांत जातील. रविवारी साडेबाराला गेलात तर गर्दी थोडी कमी असते. चपला बाहेर काढायच्या, गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावायची, आत वळवायला जागा नाही. आणि लेकरू सोबत न्या, एकट्या मोठ्या माणसाला बाई पुस्तक देत नाहीत.